दुपारी अडीचची दिवेलागण

कांद्याचा वाफा अजून निम्मा लावायचा होता, आणि मालनबाईनं हातातली रोपांची जुडी चिखलात टेकवून खोचलेला पदर सोडला.

"झालं! उठली महाराणी," कुसाबाई मान वर न करता म्हणाली. "आगं, सूर्य अजून चिमणीच्या वर हाय. इतक्यात कुढं चालली?"

चिमणी म्हणजे एकलहऱ्याच्या वीजकेंद्राची. सारोळवाडीच्या पश्चिमेला ती उंचच उंच उभी आहे. सूर्य तिच्या मागं गेला की गावातल्या बायका दिवेलागणीला उठतात, अगदी घड्याळ मनगटावर असलं तरी.

"घरी जायचं, हातपाय धुवायचे, तुळशीपुढं झाडायचं," मालनबाई हळूच म्हणाली. तिचं सगळं बोलणंच असं, जवळच्या माणसानंही कान द्यावा लागे. "धावतपळत लावलेला दिवा देवाला कळतो, जिजी."

"देवाला कळंल गं. पर ही रोपं उद्या माना टाकतील, ते मला कळंल ना!"

"उद्या पहाटं येऊन तुझा अन् माझा, दोन्ही वाफे लावते."

"लावशील. तुझा काय भरवसा नाय," कुसाबाई पुटपुटली. पण तिनं त्या रोपांवर ओलं पोतं टाकून ठेवलं.

मालनबाईच्या दिव्याची गोष्ट साऱ्या गावाला पाठ होती. तिचा योगेश एकलहऱ्याला ठेकेदाराच्या हाताखाली मशीन दुरुस्तीचं काम शिकला आणि एका कंपनीनं त्याला समुद्रापार आफ्रिकेत नेलं. तिथल्या एका बंदराच्या गावात तीन मोठे जनरेटर होते, त्यांचं वीजघर सांभाळायचं काम. त्या देशाचं नाव सारोळवाडीत कुणाच्याच जिभेवर बसेना. सरपंच धोंडीराम एक म्हणायचे, योगेशचे वडील खंडेराव दुसरंच. शेवटी सगळ्यांनी मिळून त्याचं नाव 'तिकडं' ठेवलं.

निघताना आईनं त्याच्या पिशवीत पितळी निरांजन घातलं, स्वतः वळलेल्या वाती घातल्या, आणि एक दिनदर्शिका, तिच्यावर सगळ्या संकष्ट्यांना लाल गोल करून.

"रोज सांजंचा दिवा लावायचा," ती म्हणाली होती.

"आई, तिकडची सांज आपल्यापेक्षा साडेतीन तास उशिरा आसती."

"तिकडची सांज मला काय दिसनार? तू आपल्या सांजंला लाव. मी इकडं लावला की फोनची एक रिंग देऊन बंद करीन. तू लावायचा आन् फोन करून 'लागला' म्हनायचं. मंग मी घास खाईन."

"आगं, तवा तिकडं दुपारचे अडीच वाजत्यात! उन्हात दिवा?"

"दिव्याला ऊन लागत नाय," मालनबाई म्हणाली, आणि विषय संपला.

दीड वर्षं हे असंच चाललं. इकडं चिमणीमागं सूर्य गेला की तिकडं रणरणत्या उन्हात खिडकीत निरांजन पेटायचं. योगेशची बायको निकिता सासूला नंबर लावून द्यायची, एक रिंग व्हायची, आणि मिनिटाभरात 'लागला, आई' असा आवाज यायचा. बाकीचं बोलणं रविवारी.

मग पौष लागला आणि तिकडं बंड झालं.

बंडवाल्यांनी आधी विमानतळ घेतला, मग पूल, मग बाजार. वीजघर त्यांनी सगळ्यांत शेवटी घेतलं, कारण पहिल्या तिन्हींवर झेंडे लावून झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की अंधारात आपला झेंडा आपल्यालाही दिसत नाही. कंपनीचे साहेबलोक आदल्याच दिवशी दोन गाड्या भरून पळाले होते. गाडीत साहेबांच्या कुत्र्याला जागा होती, योगेशला नव्हती.

ही बातमी सारोळवाडीत पोहोचली तशी पारावर गर्दी झाली. ज्यांना शेजारच्या शिवाराचा बांध नीट सांगता येत नव्हता, ते बोटानं धुळीत तिकडचा नकाशा काढू लागले. सरपंच धोंडीराम पांढरा सदरा घालून आले. त्यांनी निषेध सभेची घोषणा केली. तारीख ठरली, मंडप ठरला, चार भोंगे ठरले. अडलं ते एकाच ठिकाणी.

"निषेध कुनाचा करायचा?" कुणीतरी विचारलं.

"बंडवाल्यांचा!"

"आन् उद्या त्यांचंच सरकार आलं मंजी? योगेश तर त्यांच्याच हातात हाय."

"मंग सरकारचा करू."

"सरकार जिंकलं तर?"

धोंडीरामांनी डोळे मिटून विचार केला. गावच्या राजकारणात त्यांनी तीन पक्ष पाहिले होते, आणि तिन्ही आतून. "असं करा," ते म्हणाले, "फलकावर मोठ्या अक्षरात 'जाहीर निषेध' छापा. त्याच्या आधी जागा मोकळी सोडा. कोन हरतंय ते कळलं का रंगानं नाव टाकू."

तसा फलक लागला. त्यावर धोंडीरामांचा फोटो हात जोडलेला, दाराएवढा. कोपऱ्यात योगेशचा, लग्नातला, मुंडावळ्या बांधलेला.

मालनबाई मात्र फलक बघायला गेली नाही. तिनं रोजच्या वेळी तुळशीपुढं दिवा लावला, निकितानं नंबर लावला. बंद. दुसऱ्या दिवशीही बंद. तिसऱ्या दिवशीही. आणि 'लागला' ऐकल्याशिवाय घास घ्यायचा नाही हा नेम तर तिनंच घातलेला.

"पेलाभर दूध तरी घे," खंडेराव म्हणाले. कोळशाच्या यार्डात ठेकेदारीवर पंचवीस वर्षं काढलेला माणूस, बोलणं कमी आणि खोकणं जास्त.

"त्यानं लावला आसंल का हो?"

"लावला आसंल. तुझंच पोरगं हाय ना."

"तुमी जेवले का?"

"पारावर झालं माझं," खंडेराव तोंड फिरवून म्हणाले. पारावर चहासुद्धा मिळत नाही हे मालनबाईला ठाऊक होतं. तिनं त्यांची चोरी झाकली आणि दोघंही उपाशीच बसली.

चौथ्या दिवशी संध्याकाळी, दिव्याला अजून वीसेक मिनिटं होती तेव्हा, फोन आपणहून वाजला. योगेशचाच नंबर, व्हिडिओ कॉल. निकितानं हर्षानं बटण दाबलं आणि तिच्या हातातनं पळी गळाली. पडद्यावर दाढीवाला तरुण होता. खांद्याला बंदूक, साहेबाच्या खुर्चीत बसलेला. खुर्चीवरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून काढलेलं नव्हतं. मागं भिंतीशी योगेश उभा होता, हात बांधलेला.

दाढीवाला भराभरा अरबीत बोलू लागला. कुणाला अक्षर कळेना.

"इसाकभाऊला बोलवा!" मालनबाई म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिचा आवाज ओसरीच्या बाहेर गेला.

इसाकचं फाट्यावर वेल्डिंगचं दुकान. अकरा वर्षं आखातात काढून आला होता. अरबी यायची, पण तिच्यात निम्मे शब्द लोखंडाच्या मापांचे आणि निम्मे शिव्यांचे. डोळ्यावरची काळी काच कपाळावर सरकवून तो धावतच आला, फोनपुढं बसला, सलाम केला.

"चहा घेता का म्हनावं," मालनबाईनं पदर सावरत सांगितलं.

"वैनी, तो फोनात हाय!"

"विचारायला काय जातंय? दारात आलेला मानूस हाय."

इसाक ऐकत गेला तसा त्याचा चेहरा उतरत गेला. "वैनी, हा तिथला कमांडर. तो म्हनतो, तुमचा पोरगा सरकारचा हेर हाय. रोज फोन एकदाच वाजतो आन् बंद व्हतो. मंग हा भर उन्हात खिडकीत दिवा लावतो. मंग फोन करून एकच शब्द बोलतो. मागच्या आठवड्यात दोनदा सरकारची विमानं आली. तो म्हनतो, ही खूण कुनाला देऊ राह्यला?"

"देवाला," मालनबाई म्हणाली.

"आसं सांगितलं तर गोळी घालतील वैनी. थांबा, त्याच्याकडं वही हाय. फोनातल्या साऱ्या येळा त्यानं उतरून काढल्यात. तो म्हनतो, कार्तिकात दोन पंचवीस व्हते, मंग दोन सत्तावीस, आता दोन एकतीस. दर आठवड्याला मिनिट-अर्धा मिनिट सरकतंय. साधा मानूस रोज येक येळ पाळंल. ही गुप्त भाषा हाय."

"आरं बाबा, दिवस मोठा व्हतोय! सूर्य सरकतो, त्याला मी काय करू?"

"आन् ते लाल गोल? दिनदर्शिकेवर दर महिन्याला येक. त्या दिवशी हा दिवसभर जेवत नाय, रातच्याला आभाळाकडं बघत बसतो. तो म्हनतो, विमानांची वाट बघतो."

"चंद्राची! संकष्टी हाय ती!"

आता अरबीत संकष्टी कशी सांगायची? इसाकनं हात हलवले, आभाळ दाखवलं, पोट दाखवलं. शेवटी रोज्यावर आला. कमांडरनं भुवया चढवल्या.

"तो म्हनतो, रमजान नसताना रोजा कसला? म्या म्हनलं, आईनं धरायला लावलाय."

"मंग?"

"मंग तेवढं त्यानं मानलं. पर दिव्याचं त्याला पटत नाय. म्हनतो, दुपारी अडीचला दुनियेत कुढंच सांज व्हत नाय. दहा मिनिटात खरं सांगा, नायतर..." इसाकनं पुढचं मराठीत आणलंच नाही.

मागं उभ्या योगेशनं मान वर केली. तीन दिवसांत त्याचे गाल बसले होते.

इसाक एकदम ताठ झाला. "वैनी, आज दिवा किती वाजता?"

"सहा वाजून दोन मिनिटं झाली का सूर्य चिमणीमागं जातो."

"आन् आमची मगरिबची अजान सूर्य बुडला का व्हती. रोज सरकते, तुमच्या दिव्यावानीच! ह्याला ती आपल्या कानानं ऐकू द्या. ह्याच्या फोनात दुनियेतल्या साऱ्या गावांच्या नमाजाच्या येळा आसतील. वहीशी ताडून बघू द्या!" तो फोनमध्ये तोंड घालून अरबीत ओरडू लागला. कमांडरनं मान डोलावली. ऐकव म्हणाला.

सगळी अंगणात आली. आणि त्याच क्षणी चावडीवरच्या निषेध सभेचे चार भोंगे एकदम कोकलले.

"बंधू आणि भगिनींनो! आपल्या गावचा सुपुत्र योगेश याच्यासाठी हा धोंडीराम रक्ताचा शेवटचा थेंब..."

मंडपातनं घोषणा उठल्या. पडद्यावर कमांडर खुर्चीतनं अर्धा उठला.

"तो विचारतो, ही कसली छावनी? कुनाची फौज हाय?" इसाक घामानं भिजला. "आन् ह्या गोंगाटात अजान काय, तोफ सुटली तरी ऐकू येनार नाय!"

मालनबाईनं निकिताच्या हातातनं फोन घेतला. ती पळाली नाही. पळायचं तिला ठाऊक नव्हतं. चार दिवसांचं उपाशी पोट घेऊन ती अनवाणी चावडीकडं चालू लागली, मागं इसाक, निकिता, आणि खोकत खंडेराव. शेतातनं परतणारी कुसाबाई वाटेत भेटली, गुडघ्यापर्यंत चिखल.

"काय झालं गं?"

"दिव्याची येळ झाली, जिजी," एवढंच मालनबाई म्हणाली.

मंडपात पोहोचताच तिनं हात जोडले. "भाऊजी, जरा थांबा."

भोंग्यापुढं तिचा आवाज कुठला टिकतो? धोंडीरामांना तिचे फक्त हात जोडलेले दिसले. "पाहा! खुद्द वीरमाता आशीर्वाद द्यायला आल्या आहेत! टाळ्या!" टाळ्या पडल्या. कुणीतरी तिच्या गळ्यात हार घातला.

"भाऊजी, पोरगा मरंल. थांबा."

"हार घाला, अजून एक हार घाला!"

मालनबाई वळली. दोन हार गळ्यात घेऊन ती मंडपाच्या मागं गेली. तिथं खांबावर लाकडी बोर्ड होता, त्यात भोंग्यांची जाडजूड पिन. विजेच्या बोर्डाला आयुष्यात हात न लावलेल्या त्या बाईनं पिन धरली आणि ओढली.

धोंडीरामांचं तोंड हलत राहिलं. आवाज मात्र गेला. त्या शांततेत गाईंच्या गळ्यातल्या घंटा ऐकू आल्या, मग कुणाचं तरी दार. सूर्याची कड चिमणीमागं उतरली. आणि मशिदीवरनं अजान सुरू झाली.

मालनबाईनं फोन दोन्ही हातांत, नैवेद्याचं ताट धरावं तसा उंच धरला.

कमांडर बसला. त्यानं स्वतःचा फोन काढला, वही उघडली. त्याचं बोट एकेका ओळीवरनं उतरू लागलं. कार्तिक, मार्गशीर्ष, पौष. प्रत्येक ओळीला तो फोनाकडं बघायचा आणि परत वहीकडं. शेवटच्या ओळीला त्यानं आपल्या भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. दोन बत्तीस. अजान संपली. मग त्यानं वहीत खाली काहीतरी लिहिलं आणि योगेशचे हात सोडायला सांगितले.

"तो म्हनतो, दुपारी अडीचला सांज व्हते बरं का दुनियेत," इसाक म्हणाला.

फोन योगेशच्या हातात आला. "आई," तो मनगटं चोळत म्हणाला, "लावू का?"

मालनबाई दचकली. तिच्या तुळशीपुढं आज दिवा कुठं होता! इतक्यात मागनं कुसाबाई धापा टाकत आली, चिखलाचे पाय तसेच. "लावलाय गं! तुझ्या तुळशीत लावून आले. पाय धुतले नायत, देवाला सांग."

"लाव बाळा," मालनबाई म्हणाली.

उन्हानं भरलेल्या खिडकीत ज्योत नुसती हलल्यासारखी दिसली.

"लागला, आई."

कुसाबाईनं शेतातल्या फडक्यातली उरलेली भाकरी मोडून तिच्या तोंडात घातली आणि दुसरा तुकडा खंडेरावांच्या हातावर ठेवला. त्यांनी पारावर जेवलोय असं पुन्हा काही म्हटलं नाही.

"सोडतो म्हनला का हो पोराला?" त्यांनी इसाकला विचारलं.

"सोडत नाय. म्हनतो, मानूस खरा हाय, पर मशीन दुसऱ्या कुनाला चालवता येत नाय. आन् येक विचारतो. संकष्टी पुढं ढकलता यील का? त्या दिवशी ह्याला चक्कर येते आन् गावातली वीज जाते."

"संकष्टी हलत नाय म्हनावं," मालनबाई म्हणाली. "पर साबुदाना चालतो."

महिना गेला. कांद्यानं माना धरल्या, पाती हिरव्यागार झाल्या. मग एक दिवस बातमी आली: तिकडं सरकारी फौजेनं बंदर परत जिंकलं. पारावर पुन्हा नकाशे निघाले. धोंडीरामांनी त्याच दिवशी रंगवाल्याला बोलावून फलकावरच्या मोकळ्या जागेत 'बंडखोरांचा' असं लिहून घेतलं आणि संध्याकाळी विजयी सभा लावली. योगेश आता सरकारच्या हातात, म्हणजे सुटल्यातच जमा, असं सगळे म्हणाले.

त्या संध्याकाळी दिव्याच्या आधी फोन वाजला.

पडद्यावर गुळगुळीत दाढी केलेला साहेब होता. छातीवर बिल्ले. खुर्ची तीच, प्लॅस्टिक तेवढं फाटलं होतं. मागं भिंतीशी योगेश, हात बांधलेला. आणि टेबलावर तीच वही.

इसाक आला, सलाम करून ऐकू लागला. ऐकता ऐकता त्यानं कपाळाला हात लावला.

"वैनी, हा तिथला सरकारी साहेब. हा म्हनतो, तुमचा पोरगा बंडवाल्यांचा मानूस हाय. रोज भर दुपारी दिवा लावतो. बंडवाले सगळ्यांना बांधून ठेवत व्हते, ह्यालाच मोकळा कसा ठेवला? म्या पुरावा विचारला तर ही वही दाखवतो. शेवटी कमांडरच्या हातचं लिहिलंय..." इसाकनं एकेक शब्द मराठीत आणला, "'दिव्याच्या वेळा तपासल्या. बरोबर आहेत. माणूस भरवशाचा.'"

निकितानं डोळ्याला पदर लावला. खंडेराव खोकायचंही विसरले. मालनबाईनं मात्र अंगणात येऊन चिमणीकडं पाहिलं. सूर्य तिच्यापासून हातभर वर होता.

"अजून पाव तास हाय," ती म्हणाली. "इसाकभाऊ, तवर ह्याला संकष्टी समजून सांगा. मागच्याला लय येळ लागला व्हता. आन् ह्याच्या फोनात त्या येळा हायेत का ते आधीच बघायला सांगा."

मग तिनं फोन दोन्ही हातांत उचलला आणि चावडीची वाट धरली. या वेळी पायात चपला होत्या, आणि पुढं कुसाबाईला तुळशीकडं धाडलं होतं, पाय धुऊन.

मंडपात धोंडीराम ऐन रंगात आले होते. "...आणि म्हणून मी त्या सरकारला ठणकावून सांगितलं होतं, की..."

समोरच्या वाटेनं मालनबाई येताना त्यांना दिसली. फोन उंच धरलेला, चाल तीच, सावकाश. वाक्य त्यांच्या तोंडातच राहिलं. गर्दीनं वळून पाहिलं आणि तिला वाट करून दिली. कुणी हार घातला नाही.

मालनबाईला मंडपाच्या मागं जावं लागलं नाही. पांढरा सदरा सावरत सरपंच स्वतःच मंचावरनं उतरले, खांबापाशी गेले, आणि दोन्ही हातांनी पिन ओढून लांब उभे राहिले.